सोळा बोल्टांवरची लाल रेघ

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गॅसची टाकी बदलणं. रेग्युलेटर मी बसवला. हिनं वाटीत साबणाचा फेस केला आणि बोटानं सगळीकडं लावला. मागचं दार उघडं, स्वयंपाकघरातलं एकही बटण चालू नाही. चष्मा नाकावर ओढून ती खाली वाकली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बुडबुडा न्हाई. लावा आता." मी शेगडी पेटवली, तिनं चहा टाकला. दोन दिवसांनी दुपारी जेवून ती आडवी झाली, ती परत उठली नाही.

फेस लावायची ही सवय तिला माझ्या एका केसमुळं लागली होती. ती केस मी विसरलो असं एकही वर्ष गेलं नाही. दुसऱ्या केसेस आठवल्या की बरं वाटतं, ही आठवली की जेवण जात नाही.

माझं शिक्षण दहावी. शिपाई म्हणून भरती झालो आणि फौजदार होऊन बाहेर पडलो. लिहायची सवय म्हणजे स्टेशन डायरी आणि पंचनामा, तेव्हा हेही तसंच लिहितोय. नाव कुणाचंच देणार नाही.

निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. लातूरच्या बाहेर सोयाबीनचं तेल काढायचा एक कारखाना होता. सोयाबीनमधलं सगळं तेल दाबून निघत नाही. म्हणून ते एका पातळ रसायनात भिजवून काढतात. हे रसायन पेट्रोलच्या जातीचं. त्याची वाफ डोळ्याला दिसत नाही, हवेपेक्षा जड असते, वर न जाता जमिनीलगत पसरत जाते. तिथं विडी तर सोडाच, मोबाईलसुद्धा गेटवर काढून घेतात. एक ठिणगी पुरते.

दसरा होऊन आठवडा झाला होता. दुपारी तीनच्या सुमाराला ठाण्यात मुद्देमालाची मोजदाद चालू होती. आवाज आला आणि खिडकीच्या काचा हलल्या. पाठोपाठ फोन. आम्ही पोचलो तेव्हा बंब पाणी मारत होते. जळकोटकडचा एक कामगार जागेवर गेला होता आणि तिघं भाजले होते. गेटजवळ बाया येऊन बसल्या होत्या, कुणी रडत नव्हतं. आपला कोण आत आहे ते कुणालाच माहीत नव्हतं.

संध्याकाळपर्यंत आग थंड झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पंचनामा. तिथल्या जाणकार माणसानं एका खांबाकडं बोट दाखवलं. त्यावर एक जाड बिडाची पेटी होती, झाकण उडून पंधरा फुटांवर पडलेलं. आत नेटवर्क स्विच होता. आम्ही ठाण्यात ज्याला स्विच म्हणतो ते भिंतीवरचं बटण, पण हे तसं नव्हे. कारखान्यातल्या कॅमेऱ्यांच्या वायरी जिथं एकत्र येतात ती ही डबी. तिच्यामुळं मालकाला घरी बसून मोबाईलवर कारखाना दिसायचा. पेटीच्या एका बाजूला हातड्रिलनं पाडलेलं भोक होतं, त्यातून एक वायर आत गेलेली आणि भोवती लांबी भरलेली. खिडकीची काच बसवताना भरतात तीच लांबी. झाकणाला सोळा बोल्टांची जागा होती आणि बोल्ट होते चारच. झाकण उडालं तेव्हा तेही तुटून झाकणासोबत गेले होते.

झाकणाच्या कडेवर प्रत्येक बोल्टाच्या भोकाजवळ लाल खूण होती, धुरानं काळपट पडलेली. तुटलेल्या बोल्टांच्या डोक्यावरही लाल होतं. मी पंचाला विचारलं, हे काय. तो तिथल्या कॅन्टीनचा माणूस. म्हणाला, "दसऱ्याचं कुंकू, साहेब. सगळ्या मशीनला लावतेत."

खरंच होतं ते. आजूबाजूच्या मोटारींवर झेंडूच्या सुकलेल्या माळा होत्या. आमच्या ठाण्यात आम्हीही दसऱ्याला रायफलींना कुंकू लावतो. मी लेखनिकाला सांगितलं आणि त्यानं लिहिलं: पेटीवर व बोल्टांवर दसरा पूजेचे कुंकू लागलेले दिसते. खाली पंचांच्या सह्या, माझी सही.

ती ओळ माझी. तिच्यावर दुसऱ्या कुणाचं नाव घालता येत नाही.

त्याच दिवशी खबर आली. कारखान्यासमोर चहा विकणारा ठाण्यात आला आणि म्हणाला, पेटी कंधारच्या एका वायरमननं बसवली होती, दोन महिन्यांपूर्वी, आणि तो घाईत काम उरकून गेला. मी खूश झालो. आज तुम्हाला सांगतो, खबर शोधायच्या आधीच पायानं चालत आली, तर आधी ती आणणाऱ्याला बसवून विचारावं की तुला कुणी पाठवलं. मी विचारलं नाही. जीप काढली.

कंधारला किल्ल्याच्या बाजूला त्याचं दुकान होतं, मोटारींचं वाइंडिंग भरायचं, आणि मागं घर. वय तिशीच्या आसपास. अंगणात त्याचा बाप बाजेवर बसला होता, वीज खात्यातून निवृत्त झालेला लाईनमन. खांबावर आयुष्य काढलेला माणूस, तळहात चामड्यासारखे. पोरगा वायरमन झाला तो याच्याच हाताखाली. आम्ही पोराला बेड्या घातल्या. बाप उठला नाही. त्यानं पोराकडं बघून एवढंच विचारलं, "केलंस का रे?"

पोरानं तोंड उघडायच्या आत मी बोललो. म्हणालो, "केलंय त्यानं, बाबा. आम्ही काय उगीच आलो का?"

म्हातारा सरकारी नोकरीत राहिलेला. पोलीस म्हणतात म्हणजे असणार, असं मानणारी पिढी. त्यानं मान फिरवली. पोरगं जीपमध्ये बसेपर्यंत त्यानं परत तिकडं पाहिलं नाही.

ठाण्यात मी त्याला समोर बसवलं. तो न घाबरता बोलत होता. त्याचं म्हणणं असं की असल्या जागी साधी डबी चालतच नाही. त्यानं मॅनेजरला आधीच सांगितलं होतं, स्विच बाहेर कंट्रोल रूममध्ये ठेवा आणि आत फक्त काचेच्या तंतूची वायर न्या, तिच्यात वीज नसते. ते ऐकलं नाही, तेव्हा त्यानं ही जाड पेटी मागवायला लावली. या पेटीची गंमत अशी की आत ठिणगी पडून भडका उडाला तरी तो आतच मरतो. झाकणाची आणि पेटीची कड आरशासारखी घासलेली असते. त्या फटीतून जाळ बाहेर येईपर्यंत गार होतो. पण त्यासाठी सोळाच्या सोळा बोल्ट पाहिजेत, वायर ठरलेल्याच तोंडातून गेली पाहिजे आणि कुठंही जास्तीचं भोक चालत नाही. उघडायची तर आधी सप्लाय बंद.

हे मी आता सरळ लिहितोय, कारण नंतर मला ते चार माणसांनी समजावलं. त्या दिवशी मला यातलं निम्मंही कळलं नाही. मी म्हणालो, फटीतून जाळ गार होतो, मला शेंड्या लावतो काय. तो म्हणाला, "तुम्हाला ते कळायचं न्हाई, साहेब. पेटीवर माझी खूण हाय, ती बघा फक्त."

मी त्याच्या कानाखाली वाजवली.

दहावी शिकलेल्या माणसाला, तुला कळणार नाही, हे वाक्य कुठं लागतं ते माझं मला माहीत. बाकीच्या अधिकाऱ्यांसमोर इंग्रजी कागद वाचताना मी कितीदा घसा साफ करायचो. ते सगळं त्या पोराच्या गालावर निघालं. त्यानंतर तो बोलला नाही. चार दिवस कोठडीत होता, विचारलं तर खाली बघायचा. आणि खुणेचं तो जे म्हणाला ते मी जबाबात असं घातलं: सदर पेटीवर मीच काम केल्याचे कबूल करतो. त्याला कोर्टानं जेलमध्ये पाठवलं. पेपरात त्याचा फोटो आला, बुरखा नसलेला.

घरी मी केसचं फारसं बोलत नसे. पण त्या आठवड्यात ही विचारत राहिली, कारण मेलेला माणूस तिच्या माहेरच्या बाजूचा होता. जेवताना मी सांगितलं, पेटी कशी होती, बोल्ट किती होते, कुंकू कसं होतं. ती भाकरी थापता थापता थांबली. म्हणाली, "बंबानं एवढं पाणी मारलं म्हणता ना? मग कुंकू राहिलं कसं?"

मी म्हणालो, "तू भाकर टाक."

तिनं भाकरी टाकली. मी जेवलो आणि ठाण्यात गेलो. यापुढचे अठरा दिवस ते पोरगं जेलमध्ये होतं, हे मला आता पाठ आहे.

अठरा दिवसांनी मुद्देमाल प्रयोगशाळेत पाठवायचा होता. पेटीच्या झाकणाला लेबल डकवायचं, पण कडेवर काजळी होती म्हणून मी फडकं ओलं करून पुसलं. काजळी गेली, लाल गेलं नाही. जोर लावून घासलं, तरी गेलं नाही. नखानं खरवडलं तेव्हा पापुद्रा निघाला. मी खुर्चीवर बसलो. भाकरी थापणारे हात डोळ्यासमोर आले.

ते नखाला लावायचं लाल होतं, बायकांचं. प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावर अर्धी रेघ आणि तिच्यापुढं झाकणाच्या कडेवर उरलेली अर्धी. बोल्ट आवळून झाला की त्यावरून एक सरळ रेघ ओढायची. पुढं कुणी तो बोल्ट जरा जरी फिरवला तर रेघ तुटते. लाईनमन लोक पूर्वी तेलरंगानं अशी खूण करत, बापाकडून पोरगा ते शिकला होता, हे मला पुढं कळलं. बाटली खिशात मावते आणि ब्रश आतच असतो, म्हणून तो बायकोची बाटली वापरायचा. ही त्याची खूण. ती बघा, म्हणून तो सांगत होता.

कडेवर सोळा अर्ध्या रेघा होत्या. म्हणजे त्यानं सोळाच्या सोळा बोल्ट आवळले होते. सापडलेल्या चार बोल्टांच्या डोक्यांवर त्यानंतर पडलेले पान्याचे ओरखडे लाल रंग चिरत गेले होते. म्हणजे त्याच्यामागं पेटी कुणीतरी उघडली होती. उरलेले बारा बोल्ट कुठं होते?

मी दोन शिपाई घेऊन कारखान्यात गेलो आणि देखभालीच्या खोलीतले सगळे डबे ओतायला लावले. रंगाच्या एका रिकाम्या डब्यात बारा बोल्ट निघाले, प्रत्येकाच्या डोक्यावर अर्धी लाल रेघ. देखभालीचा सुपरवायझर दारातच उभा होता. ठाण्यात आणून मी डबा त्याच्यासमोर टेबलावर ठेवला आणि काहीही विचारलं नाही. पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी एवढं शिकलो होतो की वस्तू पुढं ठेवली की आपण गप्प राहावं. पाऊण तास गेला. मग तो म्हणाला, "मालकाला अजून एक कॅमेरा पाहिजे होता, साहेब. मॅनेजर म्हणले, आजच पाहिजे."

भोक त्यानं पाडलं होतं, लांबी त्यानंच भरली होती. ती डबी पेटीत तापून दर दोन दिवसांनी बंद पडायची. चालू करायला दरवेळी सोळा बोल्ट काढायचे म्हणजे अर्धा तास. मॅनेजर ओरडायचा. म्हणून चार कोपऱ्यांचे ठेवले आणि बारा डब्यात टाकले. त्या दिवशी खालच्या पंपातून वाफ सुटली, भोकातून पेटीत शिरली, आत ठिणगी पडली आणि चार बोल्टांना झाकण धरवलं नाही. चहावाल्यालाही यानंच पाठवलं होतं. सुपरवायझरच्या हाताखालच्या दोघांनी जबाब दिले. पुढं सुपरवायझरला शिक्षा झाली, मॅनेजर सुटला.

लोक म्हणाले, चांगला तपास केला. खरी चूक मी इथून पुढं केली.

वायरमनला सोडायचं होतं. खरं लिहायचं तर असं लिहावं लागलं असतं: पंचनाम्यात कुंकू म्हणून लिहिलेल्या खुणा कुंकवाच्या नसून आरोपीनं काम नीट केल्याच्या आहेत, माझी ओळखण्यात चूक झाली. ते लिहिलं की वरचे विचारणार, मॅनेजरचा वकील पंचनामा फाडणार, निवृत्तीच्या तोंडावर खातेचौकशी लागणार. मी तसं लिहिलं नाही. सुपरवायझरची केस जबाबांवर उभी केली आणि वायरमनपुरतं लिहिलं: पुरेसा पुरावा मिळून न आल्याने सोडून देण्यात यावे. कोर्टानं सोडलं. कागद बरोबर होता. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

घरी हिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पुरावा मिळाला न्हाई असं कसं लिहिलं? मिळाला की." मी म्हणालो, कायद्याची भाषा तशीच असते. ती म्हणाली, "त्याच्या घरच्यांना कायद्याची भाषा कुठं कळती? तुम्ही एकदा कंधारला जाऊन तोंडानं सांगून या."

मी जाईन म्हणालो. मग निवृत्तीची गडबड, मग मुलीचं लग्न, मग गुडघे. ती दरवर्षी दसऱ्याला एकदा विचारायची. हत्यारं आता घरात नव्हती. ती विळीला, माझ्या गाडीला, शेगडीला कुंकू लावायची आणि लावताना मान न वळवता म्हणायची, "कंधारचं ऱ्हायलंच न्हाई का अजून?" मी पेपर उघडायचो. खाकी घातलेला माणूस माफी मागायला कुणाच्या दारात जात नाही, असं मला वाटायचं. खाकी उतरून दहा वर्षं झाली तरी वाटायचं.

ती गेल्यावर टाकी अडीच महिने पुरली. एका माणसाला लागतो केवढा गॅस. परवा सकाळी चहा ठेवला आणि जाळ निळ्याचा पिवळा होऊन गेला. दुसरी टाकी मी ओढत आणली, दार उघडलं, बटणं बघितली, वाटीत फेस केला आणि लावला. खाली वाकून बघितलं. मग सवयीनं थांबलो. कुणीतरी, लावा आता, म्हणेपर्यंत मी पेटवत नसे. किती वेळ गुडघ्यावर बसलो होतो कोण जाणे. शेवटी मीच मोठ्यानं म्हणालो, "बुडबुडा न्हाई." घरात मलाच तो आवाज ऐकू आला. त्या दिवशी चहा केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या एसटीनं निघालो. अहमदपूर, लोहा करत साडेनऊला कंधारला उतरलो. दुकान तिथंच होतं. तो मोटार उघडून बसला होता, केस पिकले होते. त्यानं मला लगेच ओळखलं. उठला नाही, बसा म्हणाला नाही. मी म्हणालो, "तुम्हाला काही सांगायला आलोय." आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला तुम्ही म्हणालो. जे होतं ते सांगितलं, कुंकवाचं, जबाबाचं, सोडताना लिहिलेल्या ओळीचं. गालावर मारलेलंही सांगितलं. तो पान्यानं बोल्ट आवळत राहिला. मग म्हणाला, "हे मला काय सांगता, साहेब? मला तर पयल्यापासून माहीत हाय. आत म्हातारा बसलाय, त्याला सांगा. तो म्हणतो, पुरावा मिळाला न्हाई म्हणून सुटलास, केलं न्हाई म्हणून न्हाई."

बारा वर्षं बापानं त्याला घरातल्या एका बटणाला हात लावू दिला नव्हता. फ्यूज गेला तरी बाहेरून माणूस बोलवायचा. पोराचं दुकान पुढं, आणि मागच्या खोलीत बंद पडलेला पंखा तसाच लटकत होता.

म्हातारा बाजेवर होता, नजर कमी झालेली. मी नाव सांगितलं, हुद्दा सांगितला. तो सावरून बसला. मी सांगत गेलो, त्यानं मध्येच हात वर केला.

"बोल्ट किती होते?"

"सोळा."

"सोळाच्या सोळा आवळलेले?"

"हाव. सोळाही जागी रेघ होती. मी कुंकू समजलो."

"कुंकू," म्हातारा म्हणाला. "त्या दिवशी मी त्याला इचारलं होतं. तुम्ही बोललात."

"मी बोललो, बाबा. म्हणून आज आलो."

त्यानं मला काही सुनावलं नाही. सुनावलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यानं पुढच्या खोलीकडं तोंड करून पोराला हाक मारली. आवाज फाटलेला होता, दोनदा मारावी लागली. पोरगा दारात आला, हाताला ग्रीस.

"मेन बंद कर आधी," म्हातारा म्हणाला, "मग तो पंखा बघ."

पोरानं हाताचं ग्रीस फडक्याला पुसलं. मग गेला, मेन बंद केला आणि स्टूल घेऊन आला. स्टुलाचा एक पाय आखूड होता, ते डुगडुगत होतं. तो वर चढला आणि मी खाली वाकून दोन्ही हातांनी स्टूल धरलं.